नळीच्या आत

जुनी रेसिंग सायकल हाती आली, की खालच्या नळीवरचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो. आधी सीटपोस्ट उपसून नळीच्या तोंडात व्हर्नियर घालतो. इंग्लिश किंवा इटालियन फ्रेमच्या सीट-ट्यूबचा बाहेरचा व्यास सहसा २८.६ मिलिमीटर. तिच्यात २७.२चा पोस्ट नीट बसत असेल, तर नळीची जाडी पाऊण मिलिमीटरच्याही आत आली. पोलाद रेनल्ड्स ५३१ किंवा कोलंबस एसएलच्या तोडीचं निघण्याची शक्यता दाट. स्टिकर कुणीही चिकटवू शकतं, नळीची जाडी मात्र बदलता येत नाही. मोजायची ती नळीच. पोस्टचा भरवसा नाही, मधल्या मालकाने बारीक पोस्ट घालून बोल्ट आवळलेला असू शकतो. फ्रेंच सायकलींना हा हिशेब लावणं तर अन्यायाचं. त्यांची नळी मुळातच २८ मिलिमीटरची, म्हणून प्यूजोच्या पीएक्स-१०सारख्या अव्वल ५३१ फ्रेमलाही २६.४चा पोस्ट लागतो.

मग बॉटम ब्रॅकेट काढून आत बोट फिरवायचं. चांगल्या कारागिराने नळ्यांची टोकं गोलाईत कापून एकमेकींना भिडवलेली असतात आणि पितळ लगच्या कडेपर्यंत सगळीकडे पोचलेलं असतं. गिऱ्हाइकाची नजर जिथे कधीच जाणार नाही, तिथलं हे काम. बाहेरच्या क्रोमपेक्षा माझा विश्वास त्यावर जास्त.

वयाचं म्हणाल, तर सुटे भाग बोलके असतात. कॅम्पान्योलोच्या नुओवो रेकॉर्डच्या मागच्या डिरेलरवर ‘पेटंट ७४’ असं साल ठोकलेलं सापडतं, त्या काळच्या हबच्या लॉकनटवरही. शिमानोची दोन अक्षरं असतात: पहिलं वर्षाचं, १९७६चा ‘ए’ धरून, दुसरं महिन्याचं. ‘एफडी’ म्हणजे एप्रिल १९८१. पण भाग बदलले जातात, त्यामुळे एकट्या डिरेलरच्या साक्षीवर मी साल सांगत नाही. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२० मिलिमीटर असेल तर फ्रेम बहुधा पाच चकत्यांच्या काळातली, १२६ असेल तर सहा-सातच्या. आणि तेही कुणी हाताने फाकवलेलं असू शकतं. तीन-चार खुणा एकाच सुमाराला जुळल्या, की मग बोलावं.

हे सगळं पाहण्याआधीच लोक फ्रेम रंगवायला नेतात, त्याचं फार वाईट वाटतं. सँडब्लास्टिंगमध्ये निघून गेलेल्या स्टिकरची उरलेली सावली पुसली जाते, नव्या रंगाच्या थरात बॉटम ब्रॅकेटखालचा नंबर बुजतो. तो आधी कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घ्या. नळ्यांत आतून तेल सोडा, केबल आणि ब्रेकची रबरं नवी घाला, आणि आहे त्या रंगावर चालवा.