साडेसाती आणि सत्तर मिलिमीटरची दुर्बीण



"ताई, दुर्बीण हा श्रीमंतांचा छंद आहे. वस्तीत नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि तुम्ही पोरांना शनीची कडी दाखवताय?" एका तरुण कार्यकर्त्यानं भर बैठकीत मला हे विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. उभी हयात विड्या वळण्यात गेली. घरात बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, दर रविवारी विहारात वंदना. आणि दर शनिवारी शनीला तेल. मुलाचं काम सुटलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, साडेसाती आहे. मी पडले समाजशास्त्राची एम.ए. मावशींना बावीस प्रतिज्ञांची आठवण दिली, पंचांग कुणाच्या हातात राहिलं आणि दक्षिणा कुणाच्या खिशात गेली यावर अर्धा तास बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं खरं असंल गं बाई. पण तू तरी बघितलायस का शनी?"

मी बघितला नव्हता.

वंदनेत आपण धम्माचा एक गुण म्हणतो, एहिपस्सिको. या आणि स्वतः पाहा. मी मात्र मावशींना 'बसा आणि ऐका' एवढंच सांगत होते. पोथीच्या जागी माझं भाषण आलं होतं, बाकी फरक काय?

मग दुर्बीण घ्यायचं ठरवलं आणि पहिल्याच खेपेला फसले. खोक्यावर '525 पट मोठं दिसतं' असं छापलेलं, आत प्लास्टिकची तिवई. हात लावला की चंद्र नजरेतून पळायचा. तेव्हा कळलं, की दुर्बिणीत 'किती पट' हा प्रश्नच मुळात चुकीचा. विचारायचं ते पुढच्या भिंगाचा व्यास किती. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 70 मिलिमीटरचं भिंग तिच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं. उपयोगी मोठेपणाची मर्यादा साधारण व्यासाच्या दुप्पट, म्हणजे 140 पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धूसर. 525 हा आकडा फक्त विकण्यासाठी.

दुसऱ्यांदा सात जणांनी वर्गणी काढली आणि 70 मिलिमीटर व्यासाची, 700 मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण घेतली. नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे आयपीसच्या, आकड्यानं भागलं की किती पट ते निघतं. 25 ची नेत्रिका 28 पट दाखवते, 10 ची 70 पट. तेवढ्या पैशात आरशाची दुर्बीण थोडी मोठी मिळाली असती आणि तिनं अंधुक तेजोमेघही जास्त दाखवले असते. पण तिचे आरसे अधूनमधून जुळवावे लागतात आणि नळी पुढून उघडी असते. आमची दुर्बीण दहा घरांत फिरणार, वीस हातांतून जाणार, त्यात सोलापूरची धूळ. बंद नळीची भिंगाचीच बरी. तेजस्वी ग्रहाभोवती जराशी जांभळी कड दिसते, कारण साध्या भिंगांत सगळे रंग नेमके एका बिंदूत येत नाहीत. नळी लांब असेल तर हा दोष कमी जाणवतो.

पैसे वाचवायचे तर तिवईवर वाचवू नका. आम्ही तिवईच्या मध्ये वाळूची पिशवी टांगतो, थरथर कमी होते. फाइंडर दिवसाउजेडी लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवून ठेवतो. आणि एक अनुभवाचा सल्ला, चंद्र दाखवायला पौर्णिमा निवडू नका, मग ती बुद्धपौर्णिमा का असेना. पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात, तेव्हा पोरं ओरडतात.

25 ऑक्टोबर 2022. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. गल्लीतल्या एका गरोदर मुलीला सकाळपासून घरात बसवलेलं. पाचच्या सुमारास आम्ही दुर्बीण चौकात आणली. पुढच्या झाकणातलं लहान भोक तेवढं उघडं ठेवलं, फाइंडर झाकला आणि नेत्रिकेमागे पांढरा कागद धरला. नेत्रिकेला डोळा लावायचा नाही, म्हणून एक जण शेवटपर्यंत पहाऱ्याला उभा होता. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहिलं तर डोळा कायमचा जातो. नेत्रिकेवर बसवायचे सूर्याचे फिल्टर मिळतात, ते उष्णतेनं तडकतात. ते फेकून द्या. कागदावर सूर्य उमटला, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. थोड्या वेळानं ती गरोदर मुलगी आपणहून ओट्यावर आली आणि कागदावर पाहून गेली. कुणी काही बोललं नाही.

अंधार पडला तसा फटाक्यांच्या धुरातून गुरू आणि शनी दिसू लागले. मावशींनी डोळा लावला. एवढीशी कडी, मध्ये पिवळसर मणी. बराच वेळ त्या हलल्याच नाहीत. मी सांगितलं, हा इथून सुमारे 140 कोटी किलोमीटरवर आहे, आता दिसतोय तो उजेड सव्वा तासापूर्वी तिथून निघालाय. मावशी म्हणाल्या, "येवढ्या लांबनं त्याला माजं घर कुटलं दिसायचं?"

मग आम्ही हिशेब मांडला. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची मिळून साडेसाती. बारापैकी तीन राशी सदैव साडेसातीत. म्हणजे कोणत्याही दिवशी जगातली साधारण चौथाई माणसं शनीच्या फेऱ्यात असणार. त्यात कामावरून काढलेला मजूर असतो आणि त्याला काढणारा मालकही. मग मुलाचं काम शनीनं घालवलं, की विनाकरार राबवून घेणाऱ्यानं? शनीकडे बोट दाखवलं की मालक सुटतो. नळाला पाणी नाही म्हणून विचारणाऱ्या माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. नशिबावर विश्वास ठेवणारी वस्ती महापालिकेवर मोर्चा काढत नाही.

जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. मुलं हुशार की मतिमंद, हे कुंडल्यांवरून सांगायचं. प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास गेली असती.

मावशींचं तेल दुसऱ्या शनिवारी थांबलं, असं खोटं सांगणार नाही. काही महिने चाललं. नंतर कधी थांबलं ते मला कळलंही नाही. आता पाहुणे आले की त्याच मला हाक मारतात, "आण गं तुजं यंत्र, ह्यास्नी शनी दाव."

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं, हे आपण विसरता कामा नये. येत्या 14 एप्रिलला डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून आपल्या मंडळानं एक दुर्बीण घ्यावी, एवढीच विनंती. घेतली की कपाटात ठेवू नका, चौकात मांडा. आणि पहिला मान घरातल्या आजीला द्या.

नमो बुद्धाय, जय भीम.