वाट दोषी की वाटाड्या?

स्वतःची चूक सोडून जगातील बाकी साऱ्या चुका मनुष्यास चटकन दिसतात, हा सिद्धान्त आम्ही इतरांच्या बाबतीत पुष्कळदा मांडला होता. तो आमच्याच घरी, ढाणकीसारख्या आडबाजूच्या गावी, एका जुन्या संगणकाच्या साक्षीने सिद्ध व्हावा, हा मात्र दैवाचा खेळच म्हणावयाचा.

आमचा संगणक सुमारे दहा वर्षांचा. त्यावरील विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी विंडोज ११ आणावी, तर तिला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या यंत्रात नाही. धडधाकट यंत्र भंगारात घालणे जिवावर आले. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेल्या लिनक्सचा आश्रय करावयाचे ठरले, आणि १९९३ पासून स्वयंसेवक मंडळी विनामूल्य देत आलेली डेबियन ही प्रणाली आम्ही एका रविवारी स्वहस्ते बसविली. जुने यंत्र तरण्याताठ्या बैलासारखे चालू लागले. आम्ही मिशीतल्या मिशीत हसलो.

हे हसू सोमवारपर्यंतच टिकले. इंटरनेटवरील कोणतेही पान उघडावयाचे म्हणजे आमची तपश्चर्या सुरू! पडदा पांढराफटक. काही वेळाने एखादे शीर्षक दिसावे, मग पुन्हा शांतता, मग एखादे चित्र. मौज अशी की, एकदा चित्रफीत सुरू झाली म्हणजे ती न अडखळता चाले. या विसंगतीचा आम्ही तेव्हा विचार केला असता, तर पुढचे रामायण घडते ना!

शेजारच्या शेतकरी गृहस्थांची कन्या त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास आमच्याकडे आली. शेवटचा दिवस होता. एक पान उघडे, दुसरे उघडण्यापूर्वीच मुदत संपून पहिल्यापासून आरंभ करावा लागे. चार वेळा असे झाले. पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळले. अखेर वडिलांनी तिला मोटारसायकलवर बसवून उमरखेडला नेले. आम्ही ओशाळलो, आणि ओशाळलेला मनुष्य जे करतो तेच केले. कोणावर तरी संतापलो.

इंटरनेटची तार जोडून देणारा तरुण आमचाच जुना विद्यार्थी. त्यास बोलावून आम्ही चारचौघांदेखत नको ते सुनावले. त्याने निमूटपणे तार तपासली, आमच्याच राउटरवर स्वतःचा मोबाइल जोडला व म्हणाला, “सर, यावर तर झटपट उघडून राहिलं.” आम्ही उत्तरलो, “मोबाइलची पाने लहान असतात!” आयुष्यभर विज्ञान शिकविलेल्या मनुष्याचे हे उत्तर! तो काही न बोलता गेला.

रात्री झोप लागेना. “आधी निरीक्षण, मग अनुमान” हे वाक्य फळ्यावर आम्ही किती वेळा लिहिले असेल! उठून वही घेतली व पहिल्या पानापासून आरंभ केला. एक मोठी फाइल उतरवून पाहिली. ती वेगाने आली. म्हणजे वाट मोकळी होती. मग १.१.१.१ या अंकी पत्त्यावर हाक पाठविली. उत्तर तत्क्षणी. तीच हाक एका संकेतस्थळाच्या नावाने पाठविली, तो पाच सेकंद सामसूम व मग उत्तर. दहा वेळा केले, दहाही वेळा पाच सेकंद! चोर सापडला.

विद्यार्थिमित्रहो, याचे मर्म असे. माणसे नावे लक्षात ठेवतात, यंत्रे अंकी पत्ते ओळखतात. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पूर्वी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेत ठेवलेली असे. ती आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वाटून दिलेली व्यवस्था योजिली. परका मनुष्य ढाणकीच्या बसथांब्यावर उतरून पहिल्याच दारी अमुक पाटलांचे घर विचारतो, तसा संगणक वाटाड्यास विचारतो. पण त्या दाराला कुलूप असेल तर? तो ठोठावीत उभा राहतो. आमच्या लिनक्सचा शिरस्ता पाच सेकंद थांबण्याचा. मग तो दुसऱ्या दारी जातो. एका पानावरील चित्रे, अक्षरे व जाहिराती निरनिराळ्या ठिकाणांहून येतात. प्रत्येक नव्या नावासाठी पुन्हा तेच कुलूप, पुन्हा तेच ठोठावणे!

आणि हे कुलूपबंद दार दाखविले कोणी? आम्हीच! प्रणाली बसविताना, राउटर आपण होऊन देतो ते पत्ते न घेता, फार शहाणपणाने आम्ही जुन्या वहीतून वाटाड्याचा पत्ता उतरविला होता. तो काही वर्षांपूर्वी सोडलेल्या जोडणीचा. तेथून आता कोणी ओ देत नव्हते. ती ओळ खोडली, पत्ते राउटरकडून घेण्याची खूण केली, जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली. पाने भराभर उघडू लागली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय! आणि आम्ही तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिले होते.

सकाळी चहाची वेळ साधून आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. त्यास ज्यांच्यादेखत बोललो होतो, त्यांतील दोघांस मुद्दाम बरोबर नेले. चूक आमची, असे स्पष्ट सांगितले. तो संकोचून म्हणाला, “जाऊ द्या सर. पण तो मोबाइल तुम्ही हातात घेऊन पाहिला असता, तर त्या पोरीचा अर्ज इथंच भरला असता.”

अर्ज उमरखेडला वेळेत भरला गेला, हे देवाचे उपकार. परंतु पोरीने व तिच्या बापाने काढलेली ती रात्रीची खेप आमच्या खात्यावरच मांडली पाहिजे. यंत्रातली ओळ खोडावयास अर्धा मिनिट पुरला. मनातली खोडावयास मात्र त्या दारापर्यंत चालत जावे लागले.