वाळूवर आखलेले शहर : व्हिया एल साल्वादोर

पेरूची राजधानी लिमा. तिच्या मध्यवस्तीपासून दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर, महासागराच्या काठच्या वाळवंटात व्हिया एल साल्वादोर वसले आहे. पेरूमधले ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. स्वतःचा महापौर आणि स्वतःची पालिका असलेला तो शहराचा एक भाग असतो. या डिस्ट्रिक्टचे क्षेत्रफळ सुमारे 35 चौरस किलोमीटर आहे आणि 2017 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 3 लाख 93 हजार भरली. 1971 चा एप्रिल संपला तेव्हा या जागी ओसाड वाळू होती.

ही वस्ती का उभी राहिली हे कळण्यासाठी आधी लिमाची वाढ पाहावी लागते. 1940 मध्ये लिमाची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती. 1972 मध्ये ती 33 लाखांच्या घरात गेली. अँडीजच्या डोंगराळ भागातून माणसे कामासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी राजधानीत येत राहिली. 31 मे 1970 च्या आंकाश भूकंपात सत्तर हजारांच्या आसपास माणसे मेली आणि आणखी कितीतरी कुटुंबे किनाऱ्याकडे सरकली. आलेले लोक आधी नातेवाइकांच्या खोलीत दाटीवाटीने राहत. मग काही कुटुंबे मिळून एखादी मोकळी जागा हेरत, रात्रीतून तिथे बोरूच्या चटयांच्या झोपड्या उभारत आणि प्रत्येक झोपडीवर पेरूचा झेंडा लावत. जनरल हुआन व्हेलास्को आल्वारादो यांचे लष्करी सरकार ऑक्टोबर 1968 मध्ये सत्तेवर आले तेव्हा लिमाभोवती अशा कितीतरी वस्त्या उभ्या होत्या.

एप्रिल 1971 च्या अखेरीस दोनशेच्या आसपास कुटुंबांनी दक्षिण लिमातल्या पांप्लोना भागात जागा धरली. बातमी पसरली तशी काही दिवसांत कुटुंबांची संख्या हजारांवर गेली आणि सरकारी जमिनीबरोबर खासगी जमिनीवरही झोपड्या पडल्या. त्याच सुमारास आंतर-अमेरिकी विकास बँकेची बैठक लिमामध्ये भरत होती. परदेशी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत हे चालू राहणे सरकारला नको होते. 5 मे रोजी पोलिसांशी झटापट झाली आणि एदिल्बेर्तो रामोस हा रहिवासी मारला गेला. बिशप लुईस बांबारेन यांनी त्या लोकांमध्ये जाऊन प्रार्थनासभा घेतली, म्हणून गृहमंत्री जनरल आर्तोला यांनी त्यांना अटक करवली. गदारोळ इतका झाला की बिशप सुटले आणि मंत्र्यांना पद सोडावे लागले. गरिबांच्या बाजूचे म्हणवणाऱ्या सरकारला आता त्यांच्यावर पुन्हा काठी उगारणे शक्य नव्हते. तोडगा निघाला तो स्थलांतराचा. ताब्लादा दे लुरीन नावाच्या वाळूच्या पठारावर प्रत्येक कुटुंबाला भूखंड मिळेल असे ठरले आणि ट्रकांतून माणसे, चटया, भांडी तिकडे जाऊ लागली. 11 मे 1971 हा दिवस तेव्हापासून वस्तीचा स्थापनादिन मानला जातो.

जागा मिळाली, पण तिथे पाणी नव्हते, वीज नव्हती, रस्ता नव्हता. लिमामध्ये वर्षभरात जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस पडतो. हिवाळ्यात समुद्रावरून दाट धुके येते आणि सगळे ओलसर होते, तरी पिण्यासाठी त्यातून थेंबही मिळत नाही. पाणी टँकरने येई आणि दारासमोरच्या पिंपात भरून ठेवावे लागे. नळाचे पाणी मिळणाऱ्या श्रीमंत भागांपेक्षा या लोकांना ते कितीतरी महाग पडे. पहिल्या वर्षी आलेल्या एका आजींशी मी बोललो. चटईच्या फटींतून रात्रभर वाळू आत येई, भातात, अंथरुणात, तान्ह्या पोराच्या डोळ्यांत जाई, असे त्या सांगत होत्या. मात्र तक्रारीपेक्षा दुसरीच गोष्ट त्यांनी जास्त वेळ सांगितली : शेजारच्या बायकांनी एकत्र चूल मांडली, पैसे एकत्र करून रॉकेल आणले, आणि कोणत्या घरी आजारी माणूस आहे हे पूर्ण ओळीला ठाऊक असे.

ही एकी नुसत्या स्वभावातून आली नव्हती. व्हिया एल साल्वादोरची आखणी हा तिचा मोठा आधार आहे आणि माझ्या मते या वस्तीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भागही तोच आहे. वास्तुविशारद मिगेल रोमेरो यांनी सरकारी यंत्रणेकडून ही आखणी केली. प्रत्येक कुटुंबाला 140 चौरस मीटरचा भूखंड. अशा 24 भूखंडांचा एक चौक. 16 चौकांचा एक निवासी गट, म्हणजे 384 कुटुंबे. आणि प्रत्येक गटाच्या मध्यभागी मोकळी सामायिक जागा : तिथे बालवाडी, दवाखाना, सभागृह, खेळाचे मैदान व्हायचे. गटांचे मिळून सेक्टर. निवासी भागाच्या एका बाजूला कारखान्यांसाठी जमीन राखली, दुसऱ्या बाजूला शेतीसाठी. सांडपाणी शुद्ध करून त्यावर हिरवळ वाढवायची हेही ठरले होते.

घरे नसताना, फक्त आखलेल्या रेषा असताना, लोकांनी आपले प्रतिनिधी चौकापासून निवडायला सुरुवात केली. चौकाचे प्रतिनिधी, मग गटाचे पदाधिकारी, मग पूर्ण वस्तीची सभा. 1973 मध्ये या रचनेला ‘कुआवेस’ हे नाव मिळाले, म्हणजे व्हिया एल साल्वादोरचा स्वयंशासित नागरी समुदाय. आपल्याजवळ काही नाही म्हणून सगळे आपणच करू, अशा अर्थाचे त्यांचे घोषवाक्य होते. पहिल्या शाळांच्या भिंती पालकांनी बांधल्या, झाडे लावली ती घरातल्या उरलेल्या पाण्यावर जगवली. रविवार हा श्रमदानाचा दिवस. आजही कोणत्याही गटाच्या मधल्या मैदानात उभे राहिले की ही आखणी डोळ्यांना कळते : चारही बाजूंना घरांच्या ओळी, मध्ये मुलांचा फुटबॉल, एका कडेला बालवाडी, दुसऱ्या कडेला सभागृह. या जागेवर कधीच घर बांधायचे नाही हा नियम घरे बांधण्याच्या आधीपासूनचा आहे.

स्वयंशासनाचे सगळेच प्रयोग टिकले नाहीत. कुआवेसने स्वतःची पतपेढी काढली, दुकाने काढली. पैशाचा आणि व्यवस्थापनाचा अनुभव कमी पडला आणि दशक संपण्याआधी ती बुडाली. ऑगस्ट 1975 मध्ये व्हेलास्कोंना हटवून जनरल मोरालेस बेर्मुदेस आले, तेव्हा सरकारचा हातही आखडला. वीज, पाणी, शाळांमधले शिक्षक यांसाठी आता मोर्चे काढावे लागत होते आणि ते काढले गेले. वस्तीत पाणी-वीज आली ती सरकारच्या मेहेरबानीने नव्हे, या दबावाने.

1 जून 1983 रोजी कायदा क्रमांक 23605 नुसार व्हिया एल साल्वादोर हा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट झाला. त्याचे पहिले महापौर मिशेल अस्कुएता हे जन्माने स्पॅनिश आणि पेशाने शिक्षक. वस्तीतल्या फे इ आलेग्रिया शाळेत ते शिकवत. पालिकेने कुआवेसला बाजूला न सारता तिच्याशी मिळून योजना ठरवायच्या असे त्यांनी ठरवले. 5 फेब्रुवारी 1985 रोजी पोप जॉन पॉल दुसरे इथल्या वाळूवर प्रचंड जनसमुदायासमोर बोलले. देवाची भूक राहू दे, पण भाकरीची भूक राहता कामा नये, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. 1987 मध्ये स्पेनचा ‘प्रिन्स ऑफ आस्तुरियास’ पुरस्कार सामंजस्यासाठी या वस्तीला मिळाला.

त्याच वर्षी राखून ठेवलेल्या औद्योगिक जमिनीचा विकास नव्याने सुरू झाला. सुरुवातीच्या आराखड्यात तिथे मोठे कारखाने यायचे होते. ते आले नाहीत. पालिकेने मग वस्तीतल्याच सुतार, लोहार, चांभार, शिंपी यांच्या संघटनेला सोबत घेतले आणि छोट्या कारागिरांना गाळे दिले. हा बदल शहाणपणाचा ठरला. लिमामधल्या लोकांना फर्निचर घ्यायचे असेल तर आज ते इथल्या औद्योगिक वसाहतीत येतात. लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास रस्त्यावरच येतो, आणि दुकानामागच्या कारखान्यात बहुतेक वेळा दुसरी पिढी काम करताना दिसते.

1980 च्या दशकात महागाई आकाशाला भिडली तेव्हा वस्ती तगली ती बायकांमुळे. 1983 मध्ये इथल्या महिलांचा महासंघ स्थापन झाला. 1984 मध्ये लिमाचे महापौर आल्फोन्सो बार्रांतेस यांनी मुलांसाठी रोज पेलाभर दुधाची योजना सुरू केली. व्हिया एल साल्वादोरमध्ये ती महासंघाच्या समित्यांनी राबवली. सामुदायिक स्वयंपाकघरे त्याआधीपासून होती : काही कुटुंबे शिधा एकत्र करत, बायका पाळीने रांधत, डबा घरी जाई. ऑगस्ट 1990 मध्ये फुजिमोरी सरकारने किमतींवरचे नियंत्रण एका रात्रीत उठवले, तेव्हा पगारदार माणसेही या स्वयंपाकघरांच्या रांगेत उभी राहिली.

महासंघाच्या नेत्या मारिया एलेना मोयानो 1958 मध्ये जन्मल्या आणि लहानपणीच कुटुंबासोबत इथे आल्या. महासंघाचे अध्यक्षपद सांभाळून पुढे त्या उपमहापौर झाल्या. ‘शायनिंग पाथ’ या सशस्त्र माओवादी संघटनेला लिमाभोवतीच्या वस्त्या हव्या होत्या आणि लोकांच्या स्वतंत्र संघटना तिच्या वाटेत येत होत्या. 1991 मध्ये महासंघाचे धान्याचे कोठार स्फोटाने उडवण्यात आले. हे कृत्य संघटनेचेच आहे, असे मोयानो यांनी जाहीरपणे सांगितले. 14 फेब्रुवारी 1992 रोजी संघटनेने सशस्त्र बंद पुकारला असताना त्यांनी शांतता मोर्चा काढला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या निधीसंकलनाच्या कार्यक्रमात, मुलांसमोर, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि त्यांचा देह स्फोटकांनी उडवला गेला. त्या 33 वर्षांच्या होत्या. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी हेच वस्तीचे उत्तर होते. त्याच वर्षी 12 सप्टेंबरला संघटनेचा प्रमुख आबिमाएल गुस्मान पकडला गेला, तरी भीती लगेच संपली नाही. अस्कुएता यांच्यावरही 1993 मध्ये हल्ला झाला. मोयानो यांच्या हत्येनंतर वस्तीतल्या तरुणांनी ‘आरेना इ एस्तेरास’ हा नाट्यगट काढला आणि भीतीने रिकाम्या झालेल्या रस्त्यांवर नाटके केली. वाळू आणि चटया, असा त्या नावाचा अर्थ आहे.

त्यानंतरची वाढ वेगळ्या वळणाची आहे. 1986 मध्ये बांधकाम सुरू झालेल्या लिमा मेट्रोचा छोटा तुकडा 1990 मध्ये व्हिया एल साल्वादोरपासून निघाला आणि वीसेक वर्षे तसाच अपुरा राहिला. 2011 मध्ये मार्ग शहराच्या मध्यवस्तीपर्यंत आणि 2014 मध्ये उत्तरेच्या सान हुआन दे लुरिगांचोपर्यंत गेला. आता तो 34 किलोमीटरचा असून त्यावर 26 स्थानके आहेत. कामाला जाण्यासाठी बसमध्ये दोन-दोन तास घालवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 2019 च्या पॅन अमेरिकन स्पर्धांसाठी खेळाडूंच्या इमारती इथे बांधल्या गेल्या आणि 2020 मध्ये त्याच इमारतींत कोविडचे रुग्ण ठेवले गेले. त्याच वर्षी 23 जानेवारीला भरवस्तीच्या रस्त्यावर गॅसच्या टँकरमधून गळती होऊन आग लागली आणि 30 हून अधिक माणसे मेली. शहर वाढले, पण त्याच्या सुरक्षेची व्यवस्था त्या प्रमाणात वाढली नव्हती.

घरे आता दोन-तीन मजली विटांची आहेत. वरच्या मजल्याच्या सळया तशाच उघड्या सोडलेल्या असतात, कारण मुलाच्या लग्नानंतर आणखी एक मजला चढवायचा असतो. 384 कुटुंबांसाठी आखलेल्या गटात आज तिसरी पिढी राहते आणि नवे भूखंड उरलेले नाहीत. त्यामुळे नवी कुटुंबे समुद्राकडच्या लोमो दे कोर्व्हिना या वाळूच्या डोंगरावर चढू लागली. तिथे जमिनीचे दलाल आहेत, मोकळी सामायिक जागा नाही, आणि उताराची वाळू भूकंपात घसरण्याचा धोका आहे. एप्रिल 2021 मध्ये, वस्तीच्या स्थापनेला 50 वर्षे पूर्ण होण्याच्या तोंडावर, हजारो लोकांनी याच डोंगरावर झोपड्या टाकल्या. पोलिसांनी त्यांना तिथून हटवले. 1971 मध्ये अशाच लोकांना जागा मिळाली होती आणि त्या जागेसोबत आखणीही मिळाली होती. 2021 मध्ये लिमाच्या गरिबांसाठी तशी आखणी कुणाकडेच तयार नव्हती.