परसातला धूर

एरंडोलला आमच्या घरामागे जुने परस आहे. एक कढीलिंब, एक शेवगा आणि धुण्याच्या दगडाशेजारी कमरेइतका उंच सिमेंटचा हौद. अंजनीकाठच्या या गावात पाणी जपून वापरायचे असते, हे आम्ही आजीकडून शिकलो. १९७२चा दुष्काळ तिने सोसला होता. नळ आला की घरातले प्रत्येक भांडे भरावे आणि भरलेले पाणी ओतून देऊ नये, हा तिचा दंडक. तिच्यामागे आम्ही तो निष्ठेने पाळला.

काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, शेजारच्या मुलीला डेंग्यू झाला. भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट, त्यात गाजरगवत आणि घाण डबके. तेव्हा दोष कुठे आहे याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती. जळगावहून धुरळणी करणारा बोलावला. यंत्र धडधडू लागले, डिझेलच्या वासाचा पांढरा लोट परसभर पसरला. डोळे चुरचुरले आणि मनाला मोठे समाधान वाटले.

यंत्र थांबवून तो म्हणाला, "काका, हौद बघू द्या." त्याने आत बॅटरी मारली. नितळ पाण्याच्या पृष्ठभागाशी डोके खाली करून लटकलेल्या शेकडो अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी गेल्या.

"धुरानं आज उडणारे मरतील. हे आठवड्यानं उडतील. पण लोक धुराचे पैसे देतात, हौद घासायचे कोणी देत नाही."

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाणीपेक्षा घरातले साठवलेले, स्वच्छ, स्थिर पाणी पसंत करतो. तो दिवसा चावतो आणि जन्मस्थानापासून सहसा फार दूर जात नाही. मादी पाण्याच्या रेषेलगत ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून हौद नुसता रिकामा करून भागत नाही, घासावा लागतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधले. पुढे १९०२ साली त्यांनी 'मॉस्किटो ब्रिगेड्स' हे पुस्तक लिहिले. त्यातील पथकांचे मुख्य काम होते घरोघर फिरून डबे उपडे करणे आणि साचलेले पाणी काढणे. त्या मुख्य कामात धूर नव्हता.

ज्या डासाने त्या मुलीला दंश केला तो आमच्याच हौदातला होता, हे सिद्ध करता येणार नाही. नव्हता, असेही आम्हांस म्हणता येत नाही. आजीचा दंडक चुकीचा नव्हता. त्याला फक्त झाकण नव्हते.

दुसऱ्या दिवशी हौद उपसला. बादलीमागून बादली शेवग्याच्या आळ्यात ओतताना हात जड झाले होते. आता दर शनिवारी काथ्याने हौद घासतो, कोरडा करतो, मग भरून त्यावर कापड ताणून बांधतो.

मुलगी बरी झाली. तिच्या आईला हे सांगण्यास मात्र आम्हांस दोन महिने लागले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, आमच्या टाकीलाही झाकण नव्हतं. मी तुमच्याआधी त्या प्लॉटवाल्याला शिव्या दिल्या होत्या."