बोर्डीचे दोन दिवस

व्यापारी कुटुंबात सुटी पडते ती लग्नकार्याला, तीर्थयात्रेला किंवा आजारपणाला. केवळ विश्रांतीसाठी कोणी दुकानाचे शटर ओढल्याचे फारसे ऐकिवात नाही. सौभाग्यवती बार्शीच्या एका आडत्याची कन्या, त्यामुळे हा संस्कार तिच्यात पुरेपूर उतरलेला. मी बँकेतला. बदल्या, मार्चअखेर आणि लेखापरीक्षण यांतून जो वेळ उरला तो मुलांच्या शिक्षणात गेला आणि त्यानंतरची वर्षे मातोश्रींच्या शुश्रूषेत. गेल्या वर्षी मातोश्रींनी देह ठेवला. घर एकाएकी मोकळे झाले. तेव्हा चिरंजीवांनी आमच्यासाठी बोर्डी येथे दोन रात्रींची व्यवस्था केली आणि आम्ही दोघेच, विवाहानंतर चौतीस वर्षांनी, समुद्राकाठी निघालो.

डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी २०१३ पासून जाते, हे अद्याप पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही. आम्ही बोरिवलीला बसलो. विरार मागे पडून वैतरणेचा पूल ओलांडला की डब्यातील गर्दी आणि बाहेरचा देखावा दोन्ही बदलतात. डहाणूहून बोर्डीला जाणारा रस्ता नरपड, चिखले, घोलवड अशा गावांतून समुद्राला समांतर जातो. एका हाताला सुरूची झाडे, दुसऱ्या हाताला चिकूच्या बागा. रिक्षात बसून हा मार्ग सावकाश पाहावा. घाईने जाण्याजोगा तो नाही.

उतरण्याचे ठिकाण एका बागायतदाराच्या घराला लागूनच होते. आपल्या वाचकांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. या भागात पारशी व इराणी बांधवांची वस्ती जुनी आहे आणि अनेक ठिकाणी स्वयंपाक मिश्र असतो. तेव्हा स्वयंपाकघर स्वतंत्र आहे काय, कंदमुळे वर्ज्य असल्यास काय मिळेल आणि सूर्यास्तापूर्वी भोजन देता येईल काय, या तीन गोष्टी खोली ठरविण्यापूर्वी दूरध्वनीवर विचाराव्यात. आम्ही विचारल्या होत्या. पावणेसहाला ज्वारीची भाकरी, वालाची उसळ व कढी असे ताट समोर आले. भोजन आणि पाणी आटोपून आम्ही साडेसहाला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. फेब्रुवारीत हे सहज जमते. पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणि चौविहार यांचा मेळ कसा बसणार, ही सौभाग्यवतीची चिंता अशा रीतीने मिटली.

बोर्डीचा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी इतके दूर जाते की समुद्र ही केवळ क्षितिजावरची रेघ उरते आणि मधे ओली, घट्ट वाळू पसरलेली असते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून आदल्या दिवशी यजमानांना विचारून ठेवावे. आम्ही नेमके पूर्ण ओहोटीला आलो होतो. सुरूच्या झाडाखाली बसलो आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. बोलण्यासारखे काही नव्हते.

रुसवा नव्हता, कंटाळाही नव्हता. परंतु आमचे आजवरचे संभाषण नेहमी तिसऱ्या कोणाविषयी असे: मुलांची फी, बदलीचा आदेश, मातोश्रींच्या गोळ्यांच्या वेळा. तो तिसरा माणूस आता मधून उठून गेला होता. संध्याकाळभर आम्ही वाळूवरचे खेकडे पाहिले. त्यांच्या बिळांवर पाय पडू नये म्हणून परतताना ती वाकून वाकून चालत होती. रात्री नऊला आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी बाग दाखविली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. येथे मुख्यतः कालीपत्ती जातीची झाडे. फळ कठीण असतानाच काढतात, टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने, म्हणजे ते खाली पडून फुटत नाही. झाडाखाली वारली भगिनी फळांची प्रतवारी करीत बसल्या होत्या. सौभाग्यवती त्यांच्याशेजारी बसली आणि अर्ध्या तासात तिने बागेतला भाव, बाजारातला भाव, वाहतूक, आडत आणि घट असा सारा हिशोब यजमानांकडून काढून घेतला. बार्शीची पेढी जागी झाली होती.

त्याच ओघात यजमानांनी वाढवण बंदराचा विषय काढला. डहाणूच्या दक्षिणेस हे बंदर होत आहे. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. वास्तविक डहाणू तालुका १९९१ मध्येच केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे सांभाळले. बोर्डीला आजही जी शांतता लाभते, तिच्यामागे त्या निर्बंधांचा मोठा हात आहे. यजमान स्वतः द्विधा मनःस्थितीत होते. जमिनीला भाव येईल. पण मग बाग कोण राखील?

त्या संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर बसलो ते वाद घालीतच.

“अहो, बंदर म्हणजे नुसती जहाजे नव्हेत,” ती म्हणाली. “वखारी येतात, गाड्या येतात, चार माणसांना काम लागते. बार्शीला १८९७ साली छोटी रेल्वे आली नसती, तर आजोबांची पेढी उभी राहिली असती का?”

मी बँकेच्या भाषेत उत्तर दिले. बागेवर कर्ज देताना आम्ही झाड पाहत असू; भाव चढला की लोक फक्त सातबारा पाहतात. शिवाय किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबांचा विरोध आहे, त्यांची चूल कशावर पेटणार?

“मासेमारी थांबली, तर आपण वाईट कसे म्हणायचे?” तिने विचारले.

प्रश्न अडचणीचा होता. आपल्या घरातून याचे उत्तर तोंडपाठ येते. पण ज्यांच्या पिढ्या त्याच पाण्यावर जगल्या त्यांना दुसरा उद्योग दिल्यावाचून हे बोलण्याचा अधिकार आपल्याला किती, असे मी म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. पाणी चढू लागले होते. मग तिने आपलेच म्हणणे खोडून काढले: बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडणार, असे यजमान सांगत होते; काल आपण एका खेकड्याचे बीळ चुकवून चाललो, या भरावाखाली जे जीव जातील ते कोणाच्या खात्यावर मांडायचे? यावर मी, जो बंदराच्या विरुद्ध बोलत होतो, तो मुंबईच्या बंदरातून येणारे कापड व औषधे आपण बिनदिक्कत वापरतो, हे सांगू लागलो. आमच्या बाजू केव्हा बदलल्या ते कळलेच नाही. अंधार पडला, तेव्हा कोठे आम्ही उठलो. त्या रात्री खोलीतला दिवा पावणेबारापर्यंत जळत होता.

रविवारी परतताना पाच किलो चिकू घेतले. पैसे देताना तिने घटीचे दोन रुपये कमी करून घेतले. यजमान हसले, आणि वर एक किलो तसेच दिले. डब्यात बसल्यावर जागतिक व्यापार, पुनर्वसन, निर्बंधांचे मोल असे करीत वाद पुन्हा सुरू झाला. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ पालघरपासून त्यात सामील झाले आणि ते सौभाग्यवतीच्या पहिल्या दिवसाच्या बाजूचे निघाले. विरार येईपर्यंत काहीच ठरले नाही. पुढच्या महिन्यात वाढवणला जाऊन किनारा प्रत्यक्ष पाहून यावे, असे तिने सुचविले. दुसरा शनिवार कोणत्या तारखेला येतो ते मी दिनदर्शिकेत पाहू लागलो, तेव्हा तिनेच आठवण करून दिली की आता कोणताही वार चालेल.