पितळेची साक्ष

देवघरातील समई चिंचेने घासताना बंदुकीच्या काडतुसाची आठवण व्हावी, हा योग विचित्रच म्हणावयाचा. परंतु गेली दोन वर्षे माझे तसे होते खरे, आणि त्या आठवणीच्या मागोमाग माझ्या आत्याची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. हे असे का होते, ते आज वाचकांपुढे मांडून मन हलके करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झाला आहे. दोन वर्षांपूर्वी शरद ऋतूत मी त्याच्याकडे चार महिने राहिलो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. सारा जन्म लेथवर काम करून ते निवृत्त झाले होते. नोव्हेंबरअखेर तिकडे हरिणांच्या शिकारीचा मोसम येतो. त्याच्या तयारीसाठी ते आपल्या मोटारखान्यात बसून जुनी काडतुसे नव्याने भरीत. आमच्या घरात बंदूक कधी नव्हती, आणि प्राणिहत्येचे नाव काढले तरी अंगावर काटा यावा, अशा वातावरणात मी वाढलेला. तेव्हा प्रथम मी दारातच उभा राहिलो. पण त्यांच्या हातातील वस्तू पाहिली आणि पाय आपोआप आत वळले. ती वस्तू पितळेची होती, आणि पितळ हा आम्हा देवळाभोवती वाढलेल्या माणसांचा जन्माचा सोयरा!

बार उडाल्यावर जी रिकामी पुंगळी मागे राहते, ती टाकून द्यावयाची नसते, हे मला तेथे कळले. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे तिचे पितळ असते. बार होताना आतील दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जाऊ शकतो. त्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि क्षणार्धात किंचित आवळून पुन्हा सुटी होते. मात्र ती मूळ मापावर येत नाही. म्हणून तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. त्याआधी तिची काजळी काढावयाची. ते गृहस्थ पुंगळ्या एका फिरत्या पिंपात घालीत. कधी त्यात अक्रोडाच्या कवचांचा भरडा असे, तर कधी पाणी, थोडा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. मी हसून त्यांना सांगितले, की आमच्याकडे हेच काम चिंचेचा कोळ करतो. त्यांना मोठी मौज वाटली. आंबटपणाने पितळेवरील काळिमा विरघळतो. लिंबू काय नि चिंच काय, गुण एकच.

साच्यात घालण्यापूर्वी पुंगळीला तेलकट लेप लावावा लागतो. तो कमी पडला तर ती साच्यातच अडकून बसते; अधिक झाला तर खांद्यावर पोचा येतो. दाबल्यावर तिची लांबी वाढते, म्हणून ती मोजून कातरावयाची. त्यांच्या जातीच्या पुंगळीची लांबी २.४९४ इंचांपलीकडे जाता उपयोगी नाही. पुढे वाकवलेली बारीक तार आत घालून ते बुडाजवळची भिंत चाचपून पाहत. तेथे खाच लागली, तर ती पुंगळी तत्काळ मोडीत. फुगणे आणि दाबले जाणे यांच्या फेऱ्यांत पितळ कठीण आणि ठिसूळ होत जाते. म्हणून तिची मान तेवढी ज्योतीवर तापवून मऊ करावयाची. बूड मात्र कठीणच ठेवावयाचे, कारण सारा भार त्याच्यावर असतो. आमच्याकडील तांबट घागर ठोकताना ती मधून मधून भट्टीत का घालतो, याचा उलगडा मला सत्तरीच्या उंबरठ्यावर, सातासमुद्रांपलीकडे झाला.

एके दिवशी मी सहज विचारले, "बाजारात पितळेला चमक आणणारी द्रावणे मिळतात, ती का वापरीत नाही?" त्यांनी मान हलविली. "त्यांतल्या काहींत अमोनिया असतो. अमोनिया म्हणजे पितळेचा काळ. तुमच्याच देशातली गोष्ट आहे ही!" आणि त्यांनी सांगितले ते असे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे, तो कोणी हात न लावलेल्या पुंगळ्या उभ्या चिरलेल्या! घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतील ओल आणि घडणीच्या वेळी पितळेत कोंडून राहिलेला ताण, या तिघांचे ते कर्म. पुढे मी गावच्या ग्रंथालयात शोध घेतला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी १९२१ साली या प्रकाराची मीमांसा प्रसिद्ध केली होती. घडणीनंतर पितळ बेताने तापवून आतील ताण उतरविला, तर ही चीर टळते, असेही मी तेथेच वाचले.

त्या रात्री मला झोप आली नाही.

वाचकहो, १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो. फोंडे महालातील आमच्या गावी देवीच्या जत्रेत एके दिवशीच्या अभिषेकाचे पाणी आमच्या घरच्या घागरीतून जात असे. त्या वर्षी उन्हाळ्यात वडिलांनी तांबटाकडून नवी पितळी घागर घडवून आणली आणि पावसाळ्यापुरती ती माळ्यावर ठेविली. माळ्याखाली आमचा गोठा होता. चार महिने खिडक्या बंद, खाली गुरे, सर्वत्र ओल. जत्रेच्या आधी घागर खाली काढली, तो मानेपासून खाली वीतभर उभी चीर! शेजारच्या जुन्या भांड्यांना काही झाले नव्हते. पण ती होती तांब्याची.

देवाची भांडी सांभाळण्याचे काम आत्याकडे होते. ती बालविधवा, भावाच्या घरी राहिलेली. वडिलांनी तिला विचारले, "तुझ्या हातून पडली ना?" ती म्हणाली, "दादा, म्हज्या हातांतल्यान ती पडूंक ना." वडील माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "एका रात्री माळ्यावर काहीतरी पडल्याचा आवाज मी ऐकला होता." आवाज मी ऐकला होता, हे खरे. पण तो मांजराने ढकललेल्या नारळाचा होता, हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलेले होते. ते मी सांगितले नाही. वडिलांच्या करड्या नजरेपुढे जीभ उचलली नाही, एवढेच.

त्या दिवसापासून देवाच्या भांड्यांना आत्याचा हात लागला नाही. जत्रेच्या दिवशी ती मागल्या दारी बसून राहिली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. उलट संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेविला. तो गोड लागला नाही, एवढे आजही आठवते. पुढे अठ्ठावीस वर्षे ती आमच्या घरात राहिली आणि १९९४ साली निवर्तली. ते काम तिला परत कोणी दिले नाही.

परत आल्यावर मी माळा धुंडाळला. घागर होती. उजेडात धरून इंचन् इंच पाहिली. पडलेल्या भांड्याला पोचा यावयास हवा. या घागरीला पोच्याचे नाव नव्हते. नुसती चीर, केसासारखी, सरळ. साठ वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकानेही ती अशी डोळे उघडून पाहिली नव्हती.

चिरलेली घागर देवाला चालत नाही. पण मी ती चिंचेने स्वच्छ घासून बाहेरच्या ओटीवर ठेविली. महालयाच्या दिवशी घरची सारी मंडळी जमली असता सर्वांना ती हातात देऊन दाखविली, आणि नारळाची गोष्ट प्रथमच मोठ्याने सांगितली. वडील आज नाहीत, आत्याही नाही. माझी थोरली वहिनी आत्याच्या हाताखाली या घरात रुळलेली. ती बराच वेळ घागरीवरून बोट फिरवीत राहिली. मग म्हणाली, "भावजी, त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या हो."

ज्यांच्या घरी गोठ्यालगत देवाची पितळी भांडी असतील, त्यांनी ती कृपा करून अन्यत्र ठेवावीत. आणि एखादे भांडे कधी चिरलेच, तर कोणाला विचारण्याआधी ते उजेडात नेऊन पाहावे.