‘ते’, ‘तो’ आणि ‘मी’

मराठी कथनात्म साहित्यातील अपंग पात्रांचा विचार बहुधा करुणा आणि क्रौर्य या दोन टोकांतच अडकून पडतो. पात्राला सहानुभूती लाभली की त्याचे माणूसपणही मान्य झाले, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक तपासायचे तर आशयाआधी व्याकरणाकडे वळावे लागते.

‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ या म्हणीत दळणारे माणूस आणि पीठ खाणारे जनावर एकाच नपुंसकलिंगात येतात. हे लिंग केवळ तुच्छतेचे नाही. ‘लेकरू’, ‘बाळ’ हे मायेचे शब्दही त्यातलेच. म्हणूनच त्याची पकड चिवट आहे. प्रौढ माणसाला ‘ते बिचारं’ म्हणताना त्याला जवळ घेतले जाते आणि त्याच क्षणी त्याचे मोठेपण नाकारले जाते.

एकनाथांच्या भारुडांत मुका, बहिरा, पांगुळ स्वतःच्या तोंडाने बोलतात. परंतु तो ‘मी’ परमार्थाला मुकलेल्या जिवाचे रूपक असतो; रूपक उलगडले की देह मागे पडतो. म्हणीत देह आहे, ‘मी’ नाही; भारुडात ‘मी’ आहे, देह नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत महादेवला महारोग जडतो. तो कशाचेही प्रतीक नाही. कौतिकच्या संसारावर आलेला आणखी एक भार आहे. महत्त्वाचे हे की, महादेवचे आधीचे नाकर्तेपण या रोगाने धुऊन निघत नाही. तो ‘तो’च राहतो: नवरा, बाप, दोषास पात्र. ज्याच्यावर रागावता येते, त्याला माणसांतून वगळलेले नसते. मात्र कौतिकचे भान सुटते तिथे कादंबरीही थांबते. त्यानंतरचे जग तिला कसे दिसले असेल, हे कथनाच्या हद्दीबाहेरच राहते.

ही हद्द पुस्तकापुरती नसते. सोलापुरात सात रस्त्यावर मराठीचा एक अंध विद्यार्थी मित्रासह रिक्षापाशी येतो. रिक्षावाला मित्राला विचारतो, “ह्यांना कुठं सोडायचं?” शब्दांत आदर आहे, आदरार्थी बहुवचनही आहे, नाही तो फक्त द्वितीयपुरुष. विद्यार्थी म्हणतो, “मला विचारा की.” समोर उभ्या असलेल्या माणसाचे तृतीयपुरुषात ढकलले जाणे या तीन शब्दांनी थांबते.

१९९५च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते; २०१६च्या कायद्याने एकवीस मानले. कायदा अशी यादी वाढवू शकतो. त्या यादीतल्या माणसाला ‘मी’ म्हणू देणे, आणि तो ‘मी’ रूपकात विरघळू न देणे, हे काम कथनाचे आहे. अशा साहित्याची समीक्षा करताना निवेदकाने किती कणव दाखवली हे मोजण्यापेक्षा त्याने कोणाला बोलू दिले आणि कोणाला केवळ पाहिले, हे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.